मोठा क्यूब आणि पुढची पद्धत : कधी शिकावी?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. ती नववीत आहे. तीन थरांचा नेहमीचा रुबिक क्यूब ती मिनिटाच्या आत सोडवते आणि सहा महिन्यांपूर्वी तिने चार थरांचा क्यूब घेतला होता. या वेळी मात्र तो तिच्या पिशवीच्या तळाशी पडून होता. विचारल्यावर म्हणाली, "मामा, तो बिघडलाय. आणि माझी पद्धतही जुनी आहे म्हणे."

दोन्ही तक्रारींमागची हकीकत अशी. एकदा तिने सगळा क्यूब सोडवत आणला आणि शेवटी पाहते तर एका कडेवरची जोडी उलटी. बाकी सगळे रंग जागेवर. तिला हे पक्के ठाऊक होते की तीन थरांच्या क्यूबवर फक्त एकच कड उलटी होऊच शकत नाही. तसे दिसले तर कुणीतरी तो उघडून चुकीचा जोडला आहे असे समजावे. शाळेतल्या शिक्षकांना तिने दाखवले. ते म्हणाले, "तू कुठेतरी चुकली असशील, पुन्हा कर." तिने पुन्हा केले. कधी बरोबर आला, कधी परत तीच उलटी जोडी. शेवटी तिने क्यूब खोलून जोडला, त्यात एक छोटा भाग हरवला. त्याच सुमारास वरच्या वर्गातल्या एका मुलाने सांगितले की या पद्धतीने वेळ खाली येणार नाही, 'याउ' पद्धत शीक आणि सगळी सूत्रे पाठ कर. हिने वहीची बारा पाने सूत्रांनी भरली. चार मिनिटांत सुटणाऱ्या क्यूबला सहा मिनिटे लागू लागली आणि क्यूब पिशवीत गेला.

आपल्या वर्गातही असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. म्हणून या दोन तक्रारींचा विचार करू. क्यूब बिघडला होता का, हा पहिला प्रश्न. पुढची पद्धत शिकण्याची वेळ आली होती का, हा दुसरा. वरवर वेगळे दिसणारे हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे पुढे दिसेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. बुडापेस्टमध्ये वास्तुकला शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली पहिला क्यूब बनवला. १९८० पासून तो जगभर विकला जाऊ लागला. चार थरांचा क्यूब पेटर शेबेश्टेन्य यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला आणि पाच थरांचा उडो क्रेल यांनी त्याच दशकात. सहा आणि सात थरांचे क्यूब बाजारात यायला २००८ साल उजाडावे लागले. ग्रीसचे पानायोतिस वर्देस यांनी त्यांची आतली रचना सोडवली होती. आज दोनपासून सात थरांपर्यंतच्या क्यूबच्या अधिकृत स्पर्धा होतात.

मोठ्या क्यूबबद्दल बोलताना संभाव्य मांडण्यांची संख्या सांगून घाबरवण्याची पद्धत आहे. तीन थरांसाठी ती साधारण ४३ च्या पुढे १८ शून्ये, तर चार थरांसाठी ७४ च्या पुढे ४४ शून्ये इतकी. आकडे खरे आहेत, पण अवघडपणा त्यांवरून कळत नाही. तुकडे मोजणे जास्त उपयोगी. तीन थरांच्या क्यूबवर बाहेरून दिसणारे २६ तुकडे असतात : ६ मध्याचे, १२ कडेचे, ८ कोपऱ्याचे. चार थरांवर ५६ : मध्याचे २४, कडेचे २४, कोपऱ्याचे ८. सात थरांवर २१८, आणि त्यांतले १५० मध्याचे! कोपरे मात्र प्रत्येक क्यूबवर आठच. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतील.

मोठा क्यूब सोडवण्याची मूळ युक्ती अशी की त्याचा तीन थरांचा क्यूब करून टाकायचा. प्रथम प्रत्येक बाजूचे मध्याचे तुकडे एका रंगाचे करायचे. मग कडेचे एकसारखे तुकडे शेजारी आणून जोड्या लावायच्या. आता मध्याच्या चार तुकड्यांचा गट हा एक मोठा मध्य आणि दोन तुकड्यांची जोडी ही एक कड समजली, की बाहेरचे थर फिरवून नेहमीचा क्यूब सोडवता येतो. यालाच रिडक्शन म्हणतात. माझ्या भाचीला आलेली अडचण याच 'समजण्या'त लपलेली होती.

ती समजून घ्यायला वर्गात एक खेळ करा. चार मुलांना गोलात उभे करा आणि प्रत्येकाला एक जागा पुढे सरकायला सांगा. मग मुलांना परत मूळ जागी आणून विचारा : एका वेळी फक्त दोघांनी जागा बदलायच्या, असा नियम असेल तर हेच काम किती अदलाबदलींत होईल? उत्तर आहे तीन. कुणी पाचात करेल, कुणी सातात, पण दोन किंवा चार अदलाबदलींत ते कधीच होणार नाही. म्हणजे चौघांचा एक फेरा ही 'विषम' हालचाल आहे. चौघांचे दोन गट एकाच वेळी सरकले तर तीन अधिक तीन, सहा अदलाबदली, म्हणजे 'सम' हालचाल. मांडणीच्या या सम-विषमपणाला पॅरिटी म्हणतात.

आता तीन थरांच्या क्यूबची एक बाजू पाव फेरा फिरवा. कडेचे चार तुकडे हलतात आणि प्रत्येकावर दोन रंगचकत्या आहेत, म्हणजे आठ चकत्या, चार-चारच्या दोन गोलांत. सहा अदलाबदली, सम. कितीही वेळा, कोणतीही बाजू फिरवली तरी समात सम मिळवत राहिले की समच उरते. पण एकच कड जागच्या जागी उलटी करणे म्हणजे तिच्या दोन चकत्यांची एक अदलाबदल. एक ही संख्या विषम. म्हणून ते अशक्य. भाचीचा नियम अगदी बरोबर होता.

चार थरांच्या क्यूबवर तो का मोडला? इथे एका कडेवर दोन वेगळे तुकडे आहेत. जोडी उलटी झाली म्हणजे त्या दोन तुकड्यांनी जागा बदलल्या. तुकड्यांची एक अदलाबदल, पुन्हा विषम. मग विषमपणा आणणारी एखादी हालचाल या क्यूबवर आहे का? बाहेरचा थर पाव फेरा फिरवला तर कडेचे आठ तुकडे दोन गोलांत सरकतात, ते सम. पण आतला थर पाव फेरा फिरवा. कडेचे फक्त चारच तुकडे हलतात, एकाच गोलात. तीन अदलाबदली. विषम! तीन थरांच्या क्यूबवर हा आतला थरच नव्हता, म्हणून तिथला नियम इथे लागू पडत नाही.

म्हणजे हिशोब अगदी सोपा झाला. क्यूब विस्कटायला सुरुवात केल्यापासून आतले थर एकूण किती पाव फेरे फिरले ते मोजा (अर्धा फेरा म्हणजे दोन पाव फेरे). संख्या सम असेल तर जोड्या नीट लागतील. विषम असेल तर शेवटी एक जोडी उलटी दिसेल. विस्कटताना आणि मध्य जुळवताना हे कुणी मोजत नाही, त्यामुळे साधारण दर दोन वेळांपैकी एकदा ही अडचण येते. आणि जोड्या लावताना ती आपोआप का सुटत नाही? आपण आतला थर फिरवतो, जोडी लावतो, आणि मध्य बिघडू नयेत म्हणून तो थर परत आणतो. एक जाणे, एक येणे, मिळून दोन. विषमपणा जसाच्या तसा शेवटपर्यंत टिकतो.

उलटी जोडी सरळ करायचे एक लांबलचक सूत्र सर्वत्र प्रचारात आहे. ते कागदावर लिहून त्यात आतला थर किती पाव फेरे फिरतो ते विद्यार्थ्यांना मोजायला सांगा. नऊ भरतात. विषमच असायला हवेत. सम संख्या असलेले सूत्र कुणी दाखवले तर क्यूब हातात न घेताच सांगता येईल की ते चालणार नाही.

चार थरांवर दुसरीही एक अडचण येते : सगळे सुटते आणि दोनच जोड्या आपापसांत बदललेल्या राहतात. तीन थरांवर कोपऱ्यांचा आणि कडांचा सम-विषमपणा एकमेकांना बांधलेला असतो, कारण प्रत्येक पाव फेऱ्यात दोन्ही एकदमच बदलतात. चार थरांवर ही गाठ सुटते. दोन जोड्यांची अदलाबदल म्हणजे तुकड्यांच्या दोन अदलाबदली, त्यामुळे तुकड्यांच्या हिशोबात ती सम ठरते आणि कुणी अडवत नाही. हीदेखील निम्म्या वेळा येते. दोन्ही अडचणी टळण्याची शक्यता चारात एक. पाच थरांवर मात्र प्रत्येक कडेला एक मधला तुकडा असतो, आणि हे मधले तुकडे व कोपरे मिळून खराखुरा तीन थरांचा क्यूबच असतो. त्यामुळे दुसरी अडचण तिथे येतच नाही आणि पहिली शेवटची कड जुळवतानाच समोर येते.

तेव्हा क्यूब बिघडलेला नव्हता. भाचीला हे समजावले तेव्हा ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी चुकले नव्हते." शिक्षकांचीही यात फार चूक नव्हती. मीही आधी आतल्या थराचा विचार केला नसता तर तेच म्हटले असते. पण बरोबर विचार करणाऱ्या मुलीला 'तू चुकलीस' असे ऐकावे लागले, ही गोष्ट त्या हरवलेल्या तुकड्यापेक्षा महाग पडली. नंतर बारा पाने सूत्रे न समजता पाठ करायला ती तयार झाली ती त्यामुळेच, असे मला वाटते.

आता दुसरा प्रश्न. 'पुढची पद्धत' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि मुले त्यांची गल्लत करतात.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटच्या, तीन थरांच्या टप्प्यासाठी जास्त सूत्रे. जेसिका फ्रिड्रिच यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पद्धतीत वरच्या थरासाठी ५७ आणि २१ अशी ७८ सूत्रे आहेत. कमी सूत्रांत तेच काम दोन-दोन पायऱ्यांनी होते. दुसरी गोष्ट, जोड्या लावण्याच्या युक्त्या : एका जाण्यायेण्यात एकाऐवजी दोन-तीन जोड्या लावून घेणे. तिसरी गोष्ट, टप्प्यांचा क्रम बदलणे. रॉबर्ट याउ यांनी २००९ साली मांडलेली पद्धत ही या प्रकारची. तिच्यात समोरासमोरचे दोन मध्य आधी करतात, मग पहिल्या बाजूच्या चार कडांपैकी तीन जोड्या लावून टाकतात, त्यानंतर उरलेले चार मध्य, आणि मग बाकीच्या जोड्या. तीन कडा आधीच जागेवर बसल्याने शेवटच्या टप्प्याची सुरुवात जवळजवळ झालेली असते आणि उरलेल्या जोड्या शोधायला कमी जागा पाहाव्या लागतात.

यांतले काय शिकावे हे ठरवण्यापूर्वी वेळ कुठे जातो ते मोजायला हवे. आम्ही वीस वेळा क्यूब सोडवून तिन्ही टप्प्यांचे वेळ वहीत लिहिले. भाचीची सरासरी अशी आली : मध्य ७० सेकंद, जोड्या ११०, शेवटचा टप्पा ६०. एकूण २४०. आता ५७ सूत्रांचा संच पाठ केला तर शेवटच्या टप्प्यात फार तर दोन-तीन सेकंद वाचतील. २४० चे २३७ होतील. त्यासाठी महिना-दोन महिने घोकंपट्टी! उलट जोड्यांचा वेळ निम्मा झाला तर २४० चे १८५ होतात. संगणकशास्त्रात जीन अम्डाल यांनी १९६७ साली हाच हिशोब मांडला होता : कामाचा एखादा भाग कितीही वेगवान केला तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापेक्षा जास्त होत नाही. क्यूब जितका मोठा तितका शेवटच्या टप्प्याचा वाटा कमी. सात थरांवर २१८ पैकी १५० तुकडे मध्याचे असताना ७८ सूत्रांनी काय साधणार? तिथे मध्य भरभर जुळवता येणे हीच खरी विद्या, आणि तिला सूत्रे जवळजवळ लागतच नाहीत.

म्हणून 'तीन थरांचा क्यूब किती सेकंदांत आला की मोठ्यासाठी पुढची पद्धत शिकावी?' या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाला सेकंदांत उत्तर नाही. तीन थरांचा क्यूब कागदात न बघता सुटला पाहिजे, एवढे पुरे. पॅरिटीची दोन सूत्रे मात्र पहिल्या आठवड्यातच शिकावीत, कारण त्यांच्यावाचून चारपैकी तीन वेळा क्यूब पुरा होणारच नाही. त्यांना 'पुढची पद्धत' म्हणून पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

मोजण्यात आणखी एक गोष्ट सापडली. मोबाइलवर चित्रण करून पाहिले तेव्हा जोड्यांच्या ११० सेकंदांपैकी सुमारे ६० सेकंद भाचीचे हात स्थिर होते. ती पुढचा तुकडा शोधत होती. कोणतीही नवी युक्ती शिकली तरी हे शोधणे उरणारच. किंबहुना नवी युक्ती आठवण्याचे ओझे वाढून ते लांबेल. तिचे सहा मिनिटे होण्याचे कारण हेच होते. यावर उपाय विचित्र वाटेल असा आहे : हात मुद्दाम हळू चालवायचे, इतके हळू की थांबावे लागू नये, आणि एक जोडी लावतानाच डोळ्यांनी पुढची शोधायची.

प्रगती थांबली की पद्धत बदलावी, असा एक समज आहे. पण ती खरेच थांबली आहे का, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. ॲलन न्यूवेल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी १९८१ साली निरनिराळ्या कौशल्यांच्या नोंदी तपासून दाखवले की सराव दुप्पट झाला की लागणारा वेळ साधारण एका ठरावीक प्रमाणात कमी होतो. त्यापूर्वी १९५९ साली क्रॉसमन यांनी सिगार वळणाऱ्या कामगारांच्या नोंदी मांडल्या होत्या. त्यांचा वेग पहिली दोनएक वर्षे वाढतच राहिला होता. समजा दर दुपटीला वेळ आधीच्या ८० टक्के होतो. ५० व्या वेळी ३०० सेकंद लागले, तर १०० व्या वेळी २४०, २०० व्या वेळी १९२ आणि ४०० व्या वेळी सुमारे १५४ लागतील. पहिल्या पन्नास वेळांत ६० सेकंद कमी झाले. २०० नंतरच्या पन्नास वेळांत मात्र जेमतेम १३ होतात. भाचीचे वेळ एकाच दिवशी २०-२५ सेकंदांनी वरखाली होत. त्यात हे १३ सेकंद दिसणार कसे? मूल म्हणते, 'दहा दिवस झाले, काहीच फरक नाही.' फरक पडत असतो, तो नोंदींच्या चढउतारात बुडालेला असतो. म्हणून मी तिला सांगितले की प्रगती थांबली असे वाटेल तेव्हा आतापर्यंत जितक्या वेळा सोडवलास तितक्या वेळा आणखी सोडव, आणि वीस-वीसच्या सरासऱ्या ताडून पाहा. त्यांतही फरक नसेल तर पद्धतीची मर्यादा आली असे म्हणू.

याउ पद्धतीसाठी माझी आणखी एक कसोटी आहे. शेवटचे चार मध्य जुळवताना प्रत्येक हालचाल का केली ते बोलून दाखवता आले पाहिजे. कारण या पद्धतीत तीन कडा आधीच बसलेल्या असतात आणि त्या मोडू नयेत म्हणून काही थर मनासारखे फिरवता येत नाहीत. ज्याने मध्याची सूत्रे नुसती पाठ केली आहेत त्याची इथे कोंडी होते. ज्याला 'हा थर बाजूला नेला, दोन तुकड्यांची पट्टी आत घेतली, थर परत आणला' हे दिसते, तो अडचणीतूनही वाट काढतो. आणि स्पर्धा महिन्यावर आली असेल तर क्रम बदलूच नये. नव्या पद्धतीत वेळ आधी वाढतो. प्रयोग अर्ध्यावर असताना उपकरण बदलले की काय होते ते आम्ही प्रयोगशाळेत पुष्कळदा भोगले आहे.

भाचीने सुट्टी संपेपर्यंत जुनीच पद्धत चालवली, फक्त हळू हातांनी. हरवलेल्या तुकड्याच्या जागी मोडक्या क्यूबचा एक तुकडा घासून बसवला. डिसेंबरअखेर तिच्या वीस वेळांची सरासरी १९० वर आली, एकही नवे सूत्र न शिकता. तेव्हा मध्य बोलून दाखवायची कसोटी तिने फोनवरच दिली. एका ठिकाणी अडखळली आणि 'थांब मामा, सांगू नकोस' म्हणून स्वतःच सावरली. जानेवारीत तिने याउ पद्धत घेतली. पहिल्या आठवड्यात सरासरी २३० वर गेली, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा १९० आणि फेब्रुवारीत १६५. बारा पानांची वही अजून तशीच आहे. तिच्यातली २१ सूत्रे तिने शिकून घेतली, कारण आता शेवटच्या टप्प्याचा वाटा वाढला होता. ५७ ची पाने अजून कोरी करकरीत आहेत.

परवा तिचा नवा प्रश्न आला. सहा थरांच्या क्यूबवर एका कडेला चार तुकडे असतात, दोन बाहेरचे आणि दोन आतले. आतला थर दोन प्रकारचा. मग सम-विषमपणाचे हिशोबही दोन वेगवेगळे ठेवावे लागतील का? उत्तर मी तिला सांगितलेले नाही. चार मुलांना गोलात उभे करून आपल्या विद्यार्थ्यांनाही ते काढता येईल.